मुरू दे जरा

दुकानात त्याला सगळे कानसेन म्हणत. नाव मालकाने ठेवलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. स्पीकरच्या जाळीला बारीकशी चीर गेली असली तरी त्याला दोन खोल्या पलीकडून कळे. मिसरूड फुटायच्या वयात तो त्या दुकानात लागला आणि आता कल्ले पांढरे व्हायला आले, तरी त्याचं काम तेच होतं: मऊ भिंतींच्या छोट्या खोलीत गिऱ्हाइकाला बसवायचं, खुंटीवरचा हेडफोन काढायचा, त्याच्या कानावरच्या गाद्या फडक्याने पुसायच्या आणि ऐकवायचं. तो बोलायला लागला की माणूस एक घ्यायला आलेला दोन घेऊन जाई.

त्याचं एक वाक्य तर सगळ्या दुकानाला पाठ होतं. कुणी नवा हेडफोन घेऊन परत आलं आणि आवाज बसका आहे, टोचतो, घुमतो, असं काही म्हणालं की कानसेन मान हलवून हसायचा.

"नवा आहे हो अजून. मुरू दे जरा. नवी चप्पल पहिल्या दिवशी चावतेच की नाही? हा आतला पडदाही तसाच. भरपूर वाजवा, रात्रभर चालू ठेवा, मग बघा कसा मोकळा होतो ते."

गिऱ्हाईक मुकाट परत जाई. दोन-चार आठवड्यांनी भेटलं की म्हणे, "तुम्ही म्हणालात तसंच झालं बरं का!" मालक गालातल्या गालात हसे, कारण तोवर माल बदलून द्यायची मुदत टळलेली असे. कानसेनला मात्र त्या मुदतीशी घेणंदेणं नव्हतं. त्याला ते खरंच वाटायचं. निदान खोटं असेल अशी शंका कधी शिवली नव्हती, आणि जे बोलून मान मिळतो ते तपासायला कोण जातं?

त्याची थोरली बहीण कचेरीत टंकलेखिका होती. साक्षीपुराव्यांची ध्वनिमुद्रणं ऐकायची आणि शब्दन् शब्द टाइप करायचा. कुणी पुटपुटतं, कुणी खोकतं, दोघं एकदम बोलतात. त्यातून ताई नेमकं काय म्हटलं गेलं ते काढायची. तिचा जुना हेडफोन मोडला तेव्हा कानसेनने दुकानातला सगळ्यात चांगला तिला भेट दिला. ताईने तो कचेरीत टेबलाटेबलावर नेऊन दाखवला. "माझ्या भावाने दिलाय. त्याच्याइतकं यातलं कुणाला कळत नाही."

काही दिवसांनी तिचा फोन आला. मधे तिला सर्दी होऊन गेली होती, आवाज अजून भरलेला होता.

"अरे, डावी बाजू जरा दबल्यासारखी वाटते. कापूस कोंबल्यासारखी. आणि बारीक शिट्टी वाजल्यासारखं होतं."

कानसेनच्या समोर तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांनाही ऐकू जावं म्हणून तो जरा मोठ्यानेच म्हणाला, "ताई, मुरू दे जरा! दोन्ही बाजू एकदम मोकळ्या होत नाहीत. रात्री चालू ठेवून झोप."

ताईने ऐकलं. धाकट्या भावाचं ती लहानपणापासून ऐकत आली होती. रोज रात्री तो हेडफोन खणात खरखर करत पडलेला असे. भावजींना वाटलं घरात उंदीर झाला, त्यांनी बिचाऱ्यांनी पिंजरा आणून लावला. पुढे ताई भेटली तेव्हा ती गोष्ट सांगून सगळे पोट धरून हसले.

"पण डावीकडं अजून तसंच आहे रे," हसू ओसरल्यावर ती म्हणाली.

"चांगल्या वस्तूला वेळ लागतो."

असं करत महिना उलटला. मग एके दुपारी दुकानात असताना तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"अरे, आज घाईघाईत हेडफोन उलटा घातला गेला. डावा उजवीकडं."

"बरं?"

"तरी डावीकडंच कमी येतंय. म्हणजे... हेडफोन चांगलाच आहे, नाही का?"

कानसेनने हातातला हेडफोन खाली ठेवला. एक बाजू बारीक येते अशी तक्रार घेऊन कुणी आलं की तो सगळ्यात आधी हेच करायला लावायचा: उलटा घालून बघा. परक्या माणसाला बसल्या बसल्या सांगायची गोष्ट, आणि सख्ख्या बहिणीला सांगायची सुचली नव्हती. बोलण्याच्या भरात सुचलीच नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. समोरच्या गिऱ्हाइकाला तसंच सोडून तो निघाला.

कानाच्या डॉक्टरीणबाई मध्यमवयीन होत्या, सावकाश बोलणाऱ्या. ताईला काचेच्या खोलीत बसवून त्यांनी तपासणी केली. मग आलेख समोर ठेवला. उजव्या कानाची रेघ वर सरळ चालली होती, डाव्याची घसरून खाली गेली होती.

"हे अचानक होतं," त्या म्हणाल्या. "आतली नस दुखावते. लगेच, पहिल्या एक-दोन आठवड्यांत औषध सुरू केलं तर काहींचं ऐकू येणं परत येतं. सगळ्यांचं नाही, पण काहींचं येतं. आता देऊन बघू. फार आशा मात्र दाखवणार नाही." मग त्यांनी चष्म्यावरून ताईकडे पाहिलं. "इतके दिवस थांबलात कशासाठी?"

कानसेन शेजारच्या खुर्चीत होता. उत्तर त्याचं होतं, ते त्याच्या जिभेवर आलंही होतं.

"कामाच्या गडबडीत राहून गेलं," ताई म्हणाली. "सर्दीमुळे असेल वाटलं. माझाच आळस."

आणि तो मूग गिळून बसला. ताईने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

औषधं झाली, इंजेक्शनं झाली. डावा कान तसाच राहिला. त्या दिवसांत भावजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "याने दुकान टाकून तिला नेलं म्हणून बरं. नाहीतर ही बाई गेलीच नसती. भाऊ असावा तर असा." कानसेन समोर बसून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राही. कुणी चार जोडे मारले असते तर सोपं गेलं असतं.

ताईने तो हेडफोन त्याला परत दिला होता, "उगीच पडून राहील, कुणाच्या तरी उपयोगी पडू दे," म्हणून. एका सकाळी दुकान उघडायच्या आधी त्याने त्याच जातीचा एक नवाकोरा डबा फोडला आणि दुकानातल्या हिशेबनीसबाईंना म्हणाला, "मी डोळे मिटतो. यातला कोणताही एक माझ्या कानाला लावा. कोणता ते सांगू नका."

त्या लावत गेल्या, तो ओळखत गेला. कधी बरोबर, कधी चूक. नाणं उडवून सांगितलं असतं तरी इतकंच जमलं असतं. इतक्या रात्री खणात खरखरलेला आणि आज डब्यातून निघालेला, दोन्ही सारखे. मुरत होता तो गिऱ्हाइकाचा कान. माणसाला कशाचीही सवय होते, तशी त्याला नव्या आवाजाची व्हायची. आणि त्याचं श्रेय कानसेन इतकी वर्षं खिशात घालत आला होता.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. इतकी वर्षं मी थापा मारत होतो, एवढंच."

"मारतात हो सगळेच," त्या म्हणाल्या आणि गल्ल्याकडे गेल्या.

त्याच संध्याकाळी त्याने भावजींना त्यांच्या जिन्यात गाठलं. त्यांच्या हातात दुधाची पिशवी होती. ताई कधीपासून सांगत होती, आपण काय म्हणालो, डॉक्टरांसमोर ती काय बोलली, सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. भावजींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तिनं झाकलं, ते कळतं मला," ते शेवटी म्हणाले. "तू झाकू दिलंस?"

एवढं बोलून ते वर गेले. नंतर किती तरी दिवस ते त्याच्याशी कामापुरतंच बोलत. दुकानातही तो ते वाक्य बोलेनासा झाला. आवाज आवडत नसेल तर मुदतीत बदलून घ्या, असं सरळ सांगू लागला. मालकाने दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा सुनावलं आणि त्याला ऐकवायच्या खोलीतून काढून कोठारावर बसवलं. कुणी "कानसेन" अशी हाक मारली की तो आता ओ द्यायचा नाही. हळूहळू हाकही बंद झाली.

ताईचं काम मात्र सुटलं नाही. दोन्ही बाजूंचा आवाज एकाच कानात येईल अशी सोय तिने कचेरीत करून घेतली. फक्त गर्दीत हाक कुठून आली ते तिला कळत नसे, आणि रस्ता ओलांडताना ती कुणाचा तरी हात धरायची.

एका रविवारी तो तिच्याकडे गेला होता. भावजी बाहेर गेले होते. ताई ओट्याशी भाजी चिरत होती, नळ चालू होता.

"एक फायदा झाला बघ," ती हसत म्हणाली. "उजवा कान उशीत दाबला की यांचं घोरणं बंद!"

तो हसला. खाली बघून तो म्हणाला, "ताई, माझं चुकलं गं. फार चुकलं."

ती भाजी चिरत राहिली. मग त्याच्या लक्षात आलं की तो तिच्या डाव्या हाताला उभा आहे. बोलणं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. क्षणभर त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की त्याने पुढे होऊन नळ बंद केला, तिला वळसा घालून उजवीकडे गेला आणि पुन्हा म्हणाला.

ताईची सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"बरं," ती म्हणाली. "ती बरणी दे उघडून, झाकण घट्ट बसलंय."

झाकण लगेच निघालं. तरी ते हातात धरून तो तसाच उभा राहिला; मान वर करून तिच्याकडे बघणं काही त्याला जमेना.