भरलेला डबा

मेथीला लसणाची फोडणी बसली की मला वर्षावासातली, भंते पावसाळाभर विहारात राहतात तेव्हाची, ती सकाळ आठवते. आमच्या विहारात त्या दिवशी भोजनदानाची पाळी माझी होती, आणि भंतेजी दुपारी बारानंतर जेवत नाहीत म्हणून मी क्रांती चौकातल्या गर्दीतून मेथी-भाकरीचा डबा घेऊन स्कूटी दामटत पावणेबाराला पोचले. भंतेजी चटईवर बसून मोबाईलकडं बघत होते, मधूनच काहीतरी पुटपुटत होते. मी पाच मिनिटं थांबले, मग सगळ्या बायकांदेखत म्हणाले, "भंतेजी, व्हिडिओ नंतर बघा, नाहीतर उपाशी राहाल." मोबाईलमधूनच एक बाई बोलली, "ताई, जरा थांबा ना. माय त्रिसरण म्हणतीय, लई दम लागलाय तिला." तेव्हा कुठं मला पडद्यावरची खाट आणि म्हातारीचे हलणारे ओठ दिसले. भंतेजी बुद्ध-धम्म-संघाला शरण जाण्याची एक ओळ म्हणायचे आणि तिची होईपर्यंत थांबायचे. तिचं पुरं झालं तेव्हा सव्वाबारा वाजले होते. भंतेजी मोबाईल ठेवून नुसतं पाणी प्यायले. भरलेला डबा तसाच घेऊन मी घरी आले. नवऱ्यानं विचारलं, "काय गं, जेवले नाहीत?" "भूक नव्हती त्यांना," मी म्हणाले. खरं काय ते आज पहिल्यांदाच लिहितेय.