‘थांब’ची चाल

मी आमच्या पाळणाघराची संचालिका. मुलं मला ‘शूबाई’ म्हणतात. ओठांवर बोट ठेवून ‘शू, आवाज नको’ म्हणायची माझी सवय, त्यावरून हे नाव पडलं. मुलांच्या जगात त्या शब्दाचा दुसरा अर्थ काय होतो हे काही सांगायला नको. मी शू म्हटलं की एखादं पोर चड्डी सावरत मोरीच्या दाराशी जाऊन उभं राहतं. तर अशी मी, आणि मला आमच्या मावशींबद्दल सांगायचं आहे.

मावशी आल्या तेव्हा त्यांच्याकडे ना प्रमाणपत्र होतं ना गोड गळा. वीस वर्षं त्या एका मोठ्या धुलाईच्या कारखान्यात होत्या, इस्पितळांच्या चादरी धुतात तिथे. आवाज घोगरा, चष्म्याला दोरी, गुडघ्यांत कुरकुर. मी त्यांना फरशी पुसायला आणि भांड्यांना ठेवलं. पहिल्याच आठवड्यात कळलं की या बाई तोंड मिटून फडकंसुद्धा पिळत नाहीत. बूट घालायचं एक गाणं, हात धुवायचं एक, खेळणी टोपलीत टाकायचं एक. कविता म्हणावी अशी ओळ त्यात औषधालाही नाही. ‘डावा बूट कुठे गेला, उजव्याशी भांडून बसला’, एवढंच. आणि तेवढ्यावर सोळा पोरं बूट घालून दारात हजर. हेच काम करून घ्यायला मला पाऊण तास आणि अर्धा घसा लागायचा.

मी सहजासहजी हार मानणारी नाही. मी स्पीकर आणला. सकाळचं संगीत, जेवणाचं संगीत, झोपेचं संगीत, सगळं वेळापत्रकाबरहुकूम. मुलांनी त्याच्या जाळीत बिस्किटाचा चुरा कोंबला आणि झोपेच्या वेळी टक्क डोळे उघडे ठेवून पडून राहिली. मी स्पीकरवालाच फसवा निघाला असं म्हटलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

मग आमच्याकडे भोंगा आली. तीन वर्षांची मुलगी, नाव तिचं गोड आहे, पण पहिल्या सकाळीच तिला हे टोपणनाव पडलं. वडील इस्पितळात नर्स. आई नोकरीसाठी दुसऱ्या गावी, महिन्यातून दोनदा येणारी. फाटकाशी वडिलांनी बोट सोडलं की पोरगी किंचाळायची, ‘थांब!’ ते दिसेनासे झाले तरी दोन-दोन तास तोच एक शब्द. ती रडली की बाकीचे सोळाही सूर धरायचे. तीन आठवडे मी सोसलं. सोमवारी वडिलांना स्पष्टच सांगितलं, “शुक्रवारपर्यंत बघू. फाटकावरचं रडणं थांबलं नाही तर तुम्ही दुसरी सोय बघा.”

“दुसरी सोय म्हणजे मीच, मॅडम,” ते म्हणाले. “नोकरी सोडून घरी बसायचं.” आवाज चढवला नाही, विनवण्या केल्या नाहीत. मुलीची पाण्याची बाटली हातात तशीच घेऊन ते निघून गेले. मला रात्रभर वाईट वाटत राहिलं, पण दिलेला शब्द मागे घेणं माझ्या जिवावर येतं.

मंगळवारी मी स्वतः कंबर कसली. स्पीकरवर मंद धून लावली, भोंगाला मांडीवर घेतलं आणि मधाळ आवाजात गुणगुणू लागले. तिने माझ्या हनुवटीला डोक्याने ढुशी दिली. माझी जीभ चावली गेली.

मावशी फडकं पिळत बघत होत्या. म्हणाल्या, “बाई, ती वरच्या मजल्यावर आहे आणि तुम्ही तळमजल्यावरून हाका मारताय. कसं ऐकू जाईल? आधी जिना चढा. हात धरा. मग दोघी मिळून खाली उतरा.”

आणि मग त्यांनी जे केलं ते आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो. त्या भोंगासमोर फरशीवर बसल्या आणि तिच्याच पट्टीत, तिच्याइतक्याच जोरात ओरडल्या, “थांब!” पोरगी दचकून गप्प झाली. तीन आठवड्यांत तिचा शब्द पहिल्यांदाच कुणीतरी उचलला होता. तिने पुन्हा ‘थांब’ म्हटलं, मावशींनीही म्हटलं, अगदी तस्सं. मग मावशींनी त्याला शेपूट जोडलं: “थांब थांब फडक्या थांब, पाणी येतंय मागून.” पुढची ओळ जराशी खाली. “थांब थांब बुटा थांब, पाय येतोय मागून.” आणखी एक पायरी खाली. चहाला उकळी यायला लागतो तेवढा वेळ गेला असेल. भोंगा हुंदके देत देत तालात डोलत होती, आणि सोळा पोरं श्वास रोखून बघत होती. मी चौदा वर्षं मुलांमध्ये काढली आहेत. माणसाच्या आवाजात एवढी ताकद असते हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी अक्षरशः थक्क झाले.

“हे कुठे शिकलात?” मी विचारलं.

“यंत्रांपाशी. त्यांच्या आवाजाशी भांडलं की आपलाच घसा जायचा. त्यांच्या सुरात सूर मिसळला की पलीकडच्या बाईला नीट ऐकू जायचं.” त्या उठताना गुडघ्यावर हात टेकून कण्हल्या. “आणि सगळे तिला गप्प करायला निघालेले. ती काय म्हणते ते कुणी ऐकलंच नाही.”

बुधवारी-गुरुवारी आमच्याकडे सगळ्या वस्तूंना थांबायला सांगितलं गेलं. साबण थांबला, चमचा थांबला, उशी थांबली. भोंगा आत आल्यावर दहा मिनिटांत शांत व्हायची. पण फाटकावरचं किंचाळणं तसंच होतं, आणि वडिलांना दिसायचं ते फक्त फाटक.

शुक्रवारी ते रिकामी पिशवी घेऊन आले. तिची चादर, पेला, कपडे न्यायला. मला तोंड वर करवेना. त्यांनी बोट सोडलं आणि भोंगाने त्यांची बाही पकडली.

“थांब!”

त्यांनी डोळे मिटले. मी वळून मावशींकडे पाहिलं. त्या पायरी पुसत होत्या. त्यांनी मान हलवून ‘नको’ सांगितलं आणि फडकं पिळलं.

“थांब,” भोंगा पुन्हा म्हणाली. या वेळी जरा खाली. मग स्वतःच एकेक पायरी उतरत गेली: “थांब थांब बाबा थांब, संध्याकाळी इथेच थांब.” तिने बुटाच्या टोकाने फाटकाजवळची एक फरशी ठोकून दाखवली, बाही सोडली आणि आपला खुंटीवरचा डबा शोधायला आत निघून गेली.

वडील तिथेच खिळून उभे. हलायचं नावच घेईनात.

“अहो, संध्याकाळी म्हणाली ती,” मावशी म्हणाल्या. “आता पळा, कामाला उशीर होईल.”

ते गेले. पिशवी फाटकालाच लटकत राहिली.

संध्याकाळी सुटायला अजून अर्धा तास होता तेव्हा मी सहज खिडकीतून पाहिलं. ते त्याच फरशीवर, दोन्ही पाय जुळवून उभे होते. “आत येऊन बसा ना,” मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, “नको मॅडम, मला इथेच थांबायला सांगितलंय.”