कोठाराच्या भिंतीतला अण्णा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, यापुढे आमचे बैल थकतील, उघड्यावरचा गहू पावसात कुजेल आणि कोठाराच्या भिंतीत अडकलेल्या माणसांची सुटका होईल.

हे बैल कॉम्प्युटरवरचे. शेतीच्या एका खेळाचं नवं एक्सपान्शन येणार होतं. त्यातल्या बदलांची ही घोषणा मी वहिनींना उभं राहून, दवंडी पिटल्यासारखी वाचून दाखवली. बैलांना आणि गव्हाला त्या हसल्या. तिसऱ्या बदलाला हसल्या नाहीत. भिंतीत अडकलेला माणूस आमचा अण्णा होता.

अण्णा माझा थोरला भाऊ. बंगळुरात तो चामराजपेटला, मी मल्लेश्वरमला. मधल्या ट्रॅफिकला कंटाळून आम्ही दोघा पन्नाशीच्या बाप्यांनी या खेळात सामाईक शेत घेतलं होतं. ऑफिसातून आलो की आपापल्या घरून तिथे भेटायचो. तो नांगरायचा, मी सल्ले द्यायचो. आपण खेळ बंद केला की आपला माणूस चालत घरी जातो आणि दार लावून घेतो, असा तिथला नियम. पण एका संध्याकाळी अण्णा बियाणं ठेवायला कोठारात गेला आणि खेळातल्या कुठल्याशा बगमुळे भिंतीतच रुतला. अर्धा आत, अर्धा बाहेर, एक हात सारखा हलतोय.

फोनवर म्हणाला, "स्वल्प थांब रे, पाय निघत नाहीये."

"राहा तिथेच. बुजगावणं हवंच होतं आपल्याला."

"सरी, चालेल. पगार काय देणार?"

त्याच आठवड्यात ऑफिसच्या जिन्यात तो कोसळला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरावा झाल्यावर मी शेत उघडलं. वाटलं होतं, त्याच्या घराचं बंद दार दिसेल. पण अण्णाला घरी जाताच आलं नव्हतं. तो भिंतीत उभा राहून हात हलवत होता.

वहिनींना दाखवावं की नाही, हे मला ठरवता येईना. शेवटी दाखवलं. त्या स्क्रीनजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "इथेही चपला घालूनच आत शिरलेत."

चपलांवरून त्या दोघांचं लग्नापासून भांडण. अण्णा बाहेरून यायचा तो चपलांसकट थेट स्वयंपाकघरात. खेळातसुद्धा सगळे लोखंडी बूट घ्यायचे, याने चपला घेतल्या होत्या.

तेव्हापासून वहिनी दर रविवारी दुपारी मेट्रोने येऊ लागल्या. माऊस धरायला शिकल्या. अण्णाला मुळ्याचा वास सहन होत नसे, म्हणून त्यांनी बरोबर त्याच्या नाकासमोर मुळ्याचा वाफा लावला. पाणी घालताना त्याला आठवड्याच्या बातम्या सांगायच्या. मी तेवढ्यात चहा करायला जायचो.

आणि आता ही घोषणा. भिंतीतून सुटला की अण्णा घरी जाणार, दार लावून घेणार. त्याचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. म्हणजे ते दार पुन्हा उघडणार नव्हतं.

"नकोच ते एक्सपान्शन," मी म्हणालो. "नेट काढून ठेवतो. आपले बैल न थकता मरेपर्यंत राबतील."

"आणि यांनी असंच उभं राहायचं?"

"हात तरी हलवतोय ना, वहिनी."

"तो हात दुखत असेल हो, भाऊजी."

मी चहा करायला उठलो.

पुढच्या रविवारी एक्सपान्शन घातलं. वहिनींनी चष्मा पुसून घेतला. शेत उघडलं तेव्हा बैल दमून बसले होते. कोठाराची भिंत सरळ झाली होती आणि अण्णा अंगणात उभा होता, हात खाली. जरासा मुळ्यांपाशी रेंगाळला, मग वळून बांधावरून घराकडे चालू लागला. मी माझ्या माणसाला धावत पुढे नेऊन त्याच्या वाटेत आडवा उभा केला. तो मला वळसा घालून गेला.

दार उघडलं. त्याने उंबऱ्यावर पाय ठेवला आणि वहिनी खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाल्या, "अहो, चपला बाहेर काढा."