हरवलेल्या वस्तूंच्या खोलीतले कंसमामा

बसकंपनीत त्यांना सगळे कंसमामा म्हणत. कंस यासाठी की ते लिस्प नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहीत आणि त्या भाषेत शब्दांपेक्षा कंसच जास्त. मामा यासाठी की त्यांचा सख्खा भाचा शेजारच्याच टेबलावर बसे आणि दिवसभर मामा-मामा करी. पुढे याच भाच्याने त्यांचा केसाने गळा कापला, तेव्हा हे नाव ठेवणाऱ्यांनाही जरा कसंतरीच झालं.

कोणत्या ड्रायव्हरने कोणती बस कुठल्या मार्गावर न्यायची हे ठरवणारा प्रोग्राम मामांनी एकट्याने उभा केला होता. वर्कशॉपच्या माडीवरच्या, डिझेलचा वास कायम भरलेल्या खोलीत त्यांची निम्मी हयात गेली. बहिणीचा नवरा गेला तेव्हा साहेबांकडे शब्द टाकून त्यांनीच भाच्याला नोकरीला लावलं आणि पहिल्या कंसापासून शिकवलं. या भाषेत काम आणि यादी यांची जात एकच, ते सांगत. ड्रायव्हरांची यादी कंसात, आणि ती यादी फिरवणारं कामही कंसातच. म्हणून मामांनी यादी वेगळी कुठे ठेवलीच नव्हती, ती प्रोग्रामच्या पोटातच होती.

भाच्याला त्या भाषेतली एक सोय फार आवडली. चालू प्रोग्राम न थांबवता त्याचा एखादा तुकडा बदलता येतो. नवा तुकडा टाइप केला, बटण दाबलं, की त्या क्षणापासून तो नव्या रीतीने वागू लागतो. मामांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, "चालत्याला तोंडी सांगितलेलं तो ऐकतो, पण झोपून उठला की विसरतो. उठल्यावर त्याला फायलीत लिहिलेलं तेवढंच आठवतं. आधी फाईल, मग बाकीचं." भाचा मान डोलवी आणि फाईल उद्यावर ढकली. मशीन कधी बंदच होत नसे, त्यामुळे तो उद्या कधी उजाडला नाही.

मग त्याने साहेबांचे कान भरले. मामा थकलेत, चुका करतात, त्या मीच निस्तरतो, असं म्हणाला. संचालकांपुढे प्रोग्राम स्वतःचा म्हणून मांडला. मशीनचा पडदा उघडला की खालच्या ओळीत मामांचं नाव येई, तिथे त्याने आपलं घातलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मामांची रवानगी तळमजल्यावर झाली, प्रवासी बसमध्ये विसरून जातात त्या वस्तूंच्या खोलीत. बहीण म्हणाली, घरचंच पोर आहे, सोडून दे. मामांनी सोडलं नाही, आणि मला विचाराल तर बरंच केलं.

त्या खोलीत छत्र्या होत्या, एकेकट्या चपला होत्या, एक दातांची कवळीसुद्धा होती. खूण सांगेल त्यालाच वस्तू मिळे. मामा छत्र्या झटकत बसायचे आणि मनातल्या मनात भाच्याला रोज नव्या तऱ्हेने तोंडघशी पाडायचे. माडीवर जाऊन दोन कंस इकडचे तिकडे करणं त्यांच्या डाव्या हातचा मळ होता. पण चोरावर मोर व्हायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. भाच्याचा आळस आपलं काम करील, आपण फक्त वाट बघायची. इतका गोड राग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता.

काही वर्षांनी कंपनीने नवं मशीन घेतलं. जुनं बंद करून नवं सुरू करायचा समारंभ ठरला. आदल्या दिवशी भाचा खाली आला, दारातच उभा राहिला.

"मामा, सगळं फायलीत आहे ना?"

मामांच्या हातातली छत्री तशीच राहिली. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच काही विचारत होता. एक शब्द सांगितला असता तर त्याचं तारू किनाऱ्याला लागलं असतं.

"मी केलेलं सगळं आहे," मामा म्हणाले. हे अक्षरशः खरं होतं.

भाचा हायसं वाटून गेला. आपण काय केलं आणि कुठे ठेवलं, हे स्वतःला विचारायचं त्याला सुचलं नाही.

साहेबांनी सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने जुनं मशीन बंद केलं. टाळ्या झाल्या. नव्या मशीनने फायली वाचल्या, पडदा उघडला आणि खालच्या ओळीत मामांचं नाव आलं. भाच्याने ते नाव चालत्या प्रोग्रामातच पुसलं होतं, फायलीत कधी हातच लावला नव्हता. साहेब आधी हसले. मग त्यांनी उद्याच्या कामाचं पान मागवलं. बंद पडलेल्या मार्गांवर बसगाड्या लागल्या होत्या, निवृत्त माणसं ड्यूटीवर होती, आणि पहाटेची पहिली बस एका वारलेल्या ड्रायव्हरच्या नावावर होती. भाच्याची सगळी वर्षं पुसली गेली होती आणि मामांची तेवढी जागच्या जागी होती. साहेब म्हणाले, ज्याचं नाव दिसतंय त्याला घेऊन ये.

भाचा खाली आला.

"तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस तेवढं सांगितलं."

पहाटेच्या आत गाड्या लागायला हव्या होत्या. भाचा म्हणाला, "मामा, वर चला. माझा प्रोग्राम तेवढा पुन्हा उभा करून द्या."

मामांनी छत्री फळीवर ठेवली. दारात येणाऱ्या प्रत्येकाला ते जे विचारत, तेच त्यांनी त्यालाही विचारलं, त्याच सुरात.

"वस्तूची खूण सांगा."

भाचा खाली बघत म्हणाला, "खालच्या ओळीत तुमचं नाव आहे."

"मग ती तुझी नाही," मामा म्हणाले. खोलीची किल्ली त्यांनी भाच्याच्या हातावर ठेवली, तिथली आपली खुर्ची त्याला दाखवली आणि माडीचा जिना चढायला लागले.