उदयसिंहरावांची गाडी का बंद पडली

माझ्या वडिलांचं नाव विश्वंभर सुर्वे, पण बडोद्याच्या नवापुऱ्यात त्यांना सगळे बापूच म्हणत. आम्ही घरचेही. पणजोबा बडोदे संस्थानच्या घोडदळात होते, आजोबा संस्थानच्या मोटारी पुसत आणि बापू लोकांच्या मोटारी दुरुस्त करत. राजमहाल रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं, दोन गाड्या उभ्या राहतील एवढं.

बंद पडलेली गाडी आली की ते लगेच बॉनेट उघडत नसत. आधी मालकाला उभं करून विचारत, "पडली कशी? आचके देत देत, की एकदम?" आचके देत बंद पडली तर पेट्रोल पोचत नाही. दिवा विझावा तशी गप्प झाली तर करंट गेला. लोक घाईत असत, त्यांना हे प्रश्न नकोसे व्हायचे. बापू म्हणत, "गाडी काही बोलत नाही भाई, तुम्ही तरी बोला."

उदयसिंहराव घोरपडे हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. एका कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, उंच, मोजकं बोलणारे. त्यांची राखाडी फियाट बापूंच्याच हाताखाली म्हातारी झाली होती. साहेबांची नजर अधू झाल्यापासून गाडी त्यांच्या पत्नी, स्नेहलताबाई, चालवायच्या. त्या वेळी वाघोडिया रोडवर नव्या सोसायट्या उठत होत्या, त्यातल्या एकीत त्यांनी घर घेतलं होतं. आजूबाजूला शेतं आणि विटांचे ढीग. गावात यायचं तर गाडीशिवाय गत नव्हती.

१९९३ च्या मार्चमध्ये, एका दुपारी, साहेबांच्या छातीत जोराची कळ आली. स्नेहलताबाईंनी त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं आणि गाडी काढली. हायवेच्या अलीकडे, जिथे तेव्हा एक पानाचा गल्ला, म्हणजे टपरी, आणि बाभळीची झाडं एवढंच होतं, तिथे गाडी बंद पडली. त्या चावी फिरवत राहिल्या. रिक्षा नव्हती. शेवटी भाजीचे रिकामे करंडे घेऊन खंडेराव मार्केटहून परतणारा एक टेम्पो थांबला. टेम्पोवाल्याने साहेबांना उचलून घेतलं, "बेसी जाव, बेन," म्हणत बाईंनाही बसवलं आणि टेम्पो वळवून परत शहराकडे हाणला. दवाखान्यात डॉक्टरांनी फक्त मनगट धरलं आणि सोडलं.

गाडी दुसऱ्या दिवशी दोरी लावून गॅरेजमध्ये आणली. बॅटरी पार उतरलेली होती. किती वेळ चावी फिरवल्यावर ती बॅटरी इतकी उतरेल याचा हिशोब बापूंच्या डोक्यात आपोआप झाला असणार, कारण त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यांनी बॅटरी चार्ज केली, लावली, आणि चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

चौदाव्या दिवशी स्नेहलताबाई आल्या. पांढऱ्या साडीत नव्हत्या, नेहमीच्याच फिकट निळ्या सुती साडीत होत्या. मी कॉलेजातून येऊन बापूंचा डबा द्यायला गेले होते.

बापू म्हणाले, "वहिनी, गाडी चालू आहे. पण मी अजून—"

"मला गाडी नको आहे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी ती का बंद पडली, तेवढं शोधून सांगा. मला तेवढंच हवंय."

"बंद पडताना आचके देत होती?"

त्यांनी डोळे मिटले. "हो. तीन-चार आचके. मग थांबली."

त्या आधीच्या वर्षात ती गाडी दोनदा अशीच थांबली होती. दोन्ही वेळा गॅरेजपर्यंत येईस्तोवर सुरळीत चालत होती. बापूंनी एकदा करंटचे पॉइंट घासून दिले, एकदा कार्बोरेटर साफ केला, आणि "हल्ली पेट्रोलातच कचरा येतो," असं सांगून पाठवून दिलं होतं. हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं नाही. नंतर सांगितलं.

मग ते रोज ती गाडी चालवू लागले. त्या दिवशी टाकीत जेवढं पेट्रोल होतं तेवढंच ठेवून, त्याच रस्त्याने, त्याच वेळेला. आई घाबरली. "ज्या गाडीपायी माणूस गेला तिच्यातून हे रोज हिंडतायत," म्हणाली आणि मला त्यांच्यासोबत पाठवू लागली. मी शेजारी बसायची. मागची सीट रिकामी होती, पण आम्ही दोघंही तिकडे बघत नव्हतो. एकदा मी पिशवी मागे टाकायला हात नेला, तर ते म्हणाले, "मांडीवर ठेव."

नवव्या दिवशी, पानाच्या गल्ल्याच्या थोडं पुढे, गाडीने आचके दिले आणि थांबली.

बापू उडी मारून उतरले. "दुर्गा, तू इकडे बस. मी सांगेन तेव्हा चावी फिरव."

मी फिरवली. स्टार्टर घरघरत राहिला. त्यांनी प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरली, निळी ठिणगी उडत होती. म्हणजे करंट होता. मग कार्बोरेटरला येणारी पेट्रोलची नळी सोडवली. "परत फिरव." मी फिरवली. नळी कोरडी. टाकीत पेट्रोल, ते ओढणारा पंप नुकताच उघडून पाहिलेला, आणि नळीत थेंब नाही.

"आता हात लावू नकोस," ते म्हणाले.

आम्ही रस्त्याकडेला बसलो. ऊन चांगलंच तापलं होतं. दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा चावी फिरवायला सांगितलं, आणि नळीतून पेट्रोलची पिचकारी उडाली.

बापू नळीकडे बघत राहिले. "पंपाने ओढलं की अडकतं, ओढणं थांबलं की सुटतं," ते म्हणाले. "टाकीत काहीतरी आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकी खाली उतरवली, पेट्रोल काढून घेतलं आणि आत टॉर्चचा उजेड टाकला. मग तारेला आकडा करून हळूहळू काहीतरी बाहेर ओढलं. हातभर चिंधी होती. पेट्रोलात राहून विटली होती, पण पिवळ्या चौकटी ओळखू येत होत्या. तो माझा चौथीतला फ्रॉक होता. जुने कपडे फाडून आई गॅरेजसाठी चिंध्या करायची.

बापू खाली बसले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी विचारलं, "काय झालं?" मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मांडवीच्या बाजारात उभ्या गाडीच्या टाकीचं झाकण कुणी तरी चोरलं होतं. साहेब गॅरेजवर आले तेव्हा नवं झाकण नव्हतं, म्हणून बापूंनीच टाकीच्या तोंडात ती चिंधी कोंबून दिली होती. आठवड्याने झाकण बसवताना चिंधी तिथे नव्हती.

"मला दिसलं की ती नाहीये," बापू म्हणाले. "मी म्हटलं, पडली असेल वाटेत. एवढंच म्हटलं आणि झाकण लावलं."

स्नेहलताबाई दोन दिवसांनी आल्या. बापूंनी हात पुसले, उभे राहिले आणि म्हणाले, "पंप, वहिनी. आतला पडदा जुना झाला होता. गरम झाला की काम करत नव्हता."

मी बाजूलाच उभी होते.

"म्हणजे कुणाची चूक नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

त्या स्टुलावर बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडल्या. जाताना म्हणाल्या, "ही गाडी आता तुम्हीच ठेवा. माझ्या दारात नको."

घरी जाताना मी म्हटलं, "बापू, खरं सांगायला हवं होतं."

"कोणत्या तोंडाने?" ते म्हणाले. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही, कित्येक वर्षं.

गाडी गॅरेजच्या मागे, ताडपत्रीखाली राहिली. गिऱ्हाईकं विकता का विचारायची, बापू नाही म्हणायचे. दर रविवारी सकाळी ते ती बाहेर काढत, घोरपड्यांच्या सोसायटीच्या फाटकापासून दवाखान्याच्या दारापर्यंत नेत आणि घड्याळ बघत. पहिल्या वर्षी अकरा मिनिटं लागायची. मी एकदा म्हटलं, कशाला करता हे? ते म्हणाले, "अकरा मिनिटांत पोचले असते." पुढे पानाच्या गल्ल्याच्या जागी दुकानं आली, मग तीन मजली कॉम्प्लेक्स, हायवेच्या चौकात सिग्नल. लग्न होऊन मी सुरतेला गेले. माहेरी आले की विचारायची, किती झाली? सतरा. वीस. एका वर्षी ते म्हणाले, "आता बावीस. आता कदाचित गाडी चालू असती तरी—" आणि वाक्य तसंच सोडलं.

गॅरेजमध्ये कुठलीही गाडी चालू होत नसली आणि स्टार्टर नुसता घरघरत राहिला, की बापू काम टाकून गल्लीत जाऊन उभे राहत. लोकांना वाटायचं, म्हातारा कंटाळला. कपड्याची चिंधी तर त्यांनी पुन्हा हातात धरली नाही. हात वर्तमानपत्राला पुसायचे.

२००३ च्या डिसेंबरमध्ये मी माहेरी होते तेव्हा स्नेहलताबाई घरी आल्या. केस पूर्ण पांढरे, काठी हातात. मुलगी पुण्याला होती, घर विकून त्या तिच्याकडे निघाल्या होत्या. आईने चहा ठेवला. त्या म्हणाल्या, "निघण्याआधी तुम्हाला भेटायचं होतं, बापू. तुम्ही तेव्हा खरं कारण शोधून दिलंत. त्याच्यावर मी इतकी वर्षं काढली."

बापूंनी हातातली बशी खाली ठेवली. "वहिनी, पंप नव्हता," ते म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं. झाकण, चिंधी, दोनदा आलेली तक्रार, पॉइंट घासून परत पाठवणं. एकदाही थांबले नाहीत, स्वतःची बाजू घेतली नाही.

चहावर साय धरली. मग स्नेहलताबाईंनी एवढंच विचारलं, "कसला कपडा होता?"

"माझा फ्रॉक," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पुढे बोलल्या त्या मात्र खिडकीकडे बघून. "त्या दिवशी यांना सकाळी दहापासूनच दुखत होतं. मी म्हटलं, रात्रीचं पित्त असेल. ओवा दिला. पडून राहा म्हटलं. आम्ही निघालो दोन वाजता." मग म्हणाल्या, "तुम्ही पंप म्हणालात, कुणाची चूक नाही म्हणालात, आणि मी सुटले. मुलीलासुद्धा हे दहा वाजताचं सांगितलं नाही."

आई त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला गेली, तो त्यांनी हलकेच बाजूला केला.

"दहा वर्षं मला खोट्यावर ठेवलंत, बापू."

"हो."

"आणि आज सांगितलंत ते कुणासाठी? माझ्यासाठी की तुमच्यासाठी?"

त्या काठी टेकत उठल्या. मी रिक्षापर्यंत सोडायला गेले, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

सांगून टाकल्यावर बापूंना हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं झालं नाही. रविवारच्या फेऱ्या थांबल्या, पण ते रविवारी सकाळी कपडे करून खुर्चीत बसून राहू लागले. एकदा म्हणाले, "आधी मी एकटाच ती अकरा मिनिटं मोजत होतो. आता त्या सकाळी दहापासून मोजत असतील. ते माझ्यामुळे." पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी गाडी भंगारवाल्याला दिली. ती नेताना ते घरात थांबले.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी, हिवाळ्यात, गॅरेजच्या फोनवर पुण्याहून स्नेहलताबाईंचा फोन आला. नमस्कार नाही, चौकशी नाही. मुलीची जुनी गाडी सकाळी चालू होत नाही, इकडचा मेकॅनिक बॅटरी बदला म्हणतो, खरं आहे का?

बापूंनी विचारलं, "दिवे लावल्यावर उजेड पिवळा पडतो की चांगला असतो?"

त्या बघून आल्या. चांगला होता. मग बापूंनी चोक ओढायला सांगितला, किती ओढायचा तेही सांगितलं, मुलीला प्लग काढून काळे पडलेत का ते बघायला सांगितलं. अर्धा तास ते एकेक गोष्ट विचारत होते आणि पलीकडून उत्तरं येत होती. शेवटी ते म्हणाले, "बॅटरी बदलू नका. प्लग बदला. आणि वहिनी, मेकॅनिकला समोर उभं राहून करायला सांगा. झाल्यावर सगळं जागेवर आहे का, ते तुम्ही स्वतः बघा."

"बघेन," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बापूंनी हे मला त्याच संध्याकाळी सुरतेला फोन करून सांगितलं, प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तरासकट. मी विचारलं, "आणखी काही म्हणाल्या?"

"नाही," ते म्हणाले. "गाडीचंच बोलल्या."