बसस्टॉपपर्यंतचा नाश्ता

“सिग्नल लाल आहे, एक घास बसतो.”

हे वाक्य मी इथे परदेशात, टॅम्पिनीसमधल्या आमच्या ब्लॉकखाली, सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, इतक्या वेळा ऐकलं आहे की अजूनही लाल दिवा दिसला की ते कानात वाजतं. म्हणणारे गृहस्थ अकराव्या मजल्यावर राहायचे, आमच्या बरोबर डोक्यावर. आम्ही सगळे त्यांना ‘वरचे काका’ म्हणायचो, म्हणजे माझा मुलगा अथर्व म्हणायचा आणि त्याचं ऐकून आम्हीही. डाव्या तळहातावर उघडा डबा, उजव्या हातात पाण्याची बाटली, आणि अर्धं पाऊल पुढे त्यांची मुलगी सई, पाठीला दप्तर, डोळे अर्धवट मिटलेले. ती न बघता हात मागे करायची आणि तो बरोबर डब्यात पडायचा.

तुमच्या घरात शाळेत जाणारं मूल असेल तर पुढचं सांगायला नको. इथल्या शाळा साडेसातला भरतात. बस सहा सत्तावीसची. पावणेसहाला उठलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना घास जात नाही, आणि बसमध्ये बसल्यावर भूक लागली तर तिथे खायला बंदी. मग मुलं उपाशी जातात आणि आया दिवसभर ऑफिसात जीव टांगणीला लावून बसतात. अथर्वच्या दप्तरात मी डबा कोंबायचे. तो संध्याकाळी जसाच्या तसा परत यायचा, फक्त जास्त मऊ होऊन.

वरच्या काकांनी यावर तोडगा काढला होता. ते शहराच्या आंग मो किओ भागात एका कारखान्यात इंजिनिअर होते आणि घरातली कुठलीही अडचण मशीन बिघडल्यासारखी उलगडून बघायचे. बायको नाशिकला होती, तिथे तिची नोकरी आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. इथे हे आणि सई, दोघंच. लिफ्टपासून बसस्टॉपपर्यंत चालायला सात मिनिटं लागतात, हे त्यांनी मोजलं होतं. मग त्या सात मिनिटांत बसेल असा नाश्ता त्यांनी शोधून काढला.

“चार अटी आहेत, वहिनी,” ते मला लिफ्टमध्ये सांगायचे. “गळायला नको, सांडायला नको, वास नको, आणि एका हाताचं काम.”

त्या अटींत बसायचं ते पास. गूळतूप लावून गुंडाळलेली पोळी पास. पोटात चटणी भरलेली छोटी इडली पास. मेतकूट-लोणी लावलेल्या ब्रेडचे चौकोन पास. थालीपिठाचे तुकडे पास, पण कांदा न घालता. दडपे पोहे एकदाच झाले. चमच्यानं भरवावे लागले, आणि पहिल्याच घासाला सई थांबली. “बाबा, कांदा. बसमधले सगळे मरतील ला.” इथल्या मुलांसारखं तीही वाक्याला ‘ला’ जोडायची. काकांनी वास घेतला, मान डोलावली आणि डबा बंद केला. दडपे पोहे रविवारवर गेले.

आता मी तिथे रोज काय करत होते, हेही सांगून टाकते. अथर्व सईपेक्षा एका वर्षानं मोठा. सेकंडरीत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यानं मला सांगितलं होतं, “आई, तू बसस्टॉपला येऊ नको. प्लीज.” मी म्हटलं, नाही येणार. आणि दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी चालायला सांगितलंय असं घरात जाहीर करून, बूट घालून, त्याच्या पन्नास पावलं मागे चालायला लागले. डॉक्टरांनी काहीही सांगितलं नव्हतं. माझ्या पुढे हे बापलेक, त्यांच्या पुढे कानांत इयरफोन घातलेला माझा मुलगा, असा आमचा मोर्चा अंधारात निघायचा.

चालताना त्यांच्या गप्पा कानावर पडायच्या. सई बोलायला लागली की थांबायची नाही. कोणत्या मैत्रिणीनं कोणाशी बोलणं सोडलं, कोणत्या सरांना आपण उगीच हसलो, फिजिक्स का कळत नाही. काका फार काही बोलायचे नाहीत. “मग?” म्हणायचे, आणि सिग्नलला, “लाल आहे, एक घास बसतो.” दिवसभर ते कारखान्यात, संध्याकाळी ती क्लासला, रात्री दोघंही दमलेले. बोलायला त्यांच्याकडे ही सात मिनिटंच होती. हे मला कळत होतं. न कळून केलं असतं तर आज एवढं लागलं नसतं.

सई आठवीच्या वयाची झाली तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी लिफ्टपाशी काका भेटले, हातात कढीपत्त्याची जुडी. आणि माझ्या जिभेला काही हाड नाही.

“एक सांगू का? राग मानू नका,” मी म्हटलं. “सई आता मोठी झाली. बरोबरीच्या मुली बघतात. बापानं असं मागे डबा घेऊन चालायचं म्हणजे तिला अवघड होत असेल.”

त्यांनी कढीपत्त्याची जुडी दुसऱ्या हातात घेतली. “ती म्हणाली का काही तुम्हाला?”

नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, “मुली अशा गोष्टी बोलून दाखवत नाहीत हो.”

त्यांनी अकरा नंबरचं बटण दोनदा दाबलं. “बरं झालं सांगितलंत, वहिनी. मला सुचलंच नसतं.”

दुसऱ्या दिवसापासून सई एकटी खाली यायला लागली. डबा दप्तरात. काका वर कॉरिडॉरच्या कठड्याशी उभे राहून बघायचे. सिग्नलपर्यंतचा रस्ता तिथून दिसतो. मी खालून मान वर केली की मला हात करायचे. मी पण करायचे. आपण एका बापाला शहाणं केलं, असं मला वाटायचं.

पुढची दोन वर्षं असंच चाललं. संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटले की मी विचारायचे, “खाते ना डबा?” ते म्हणायचे, “हो, रिकामा येतो.” समाधान होतं त्यात, पण आवाज पूर्वीचा नव्हता. नवीन पदार्थ मात्र शोधायचे ते थांबले होते. पोळीच असायची बहुतेक. मला वाटलं, दमले असतील.

मग सईच्या ओ लेव्हलच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या वर्षी, जुलैत, त्यांचा विभागच बंद झाला. नोकरी गेली की पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, जातो आणि पास गेला की महिन्याभरात देश सोडायचा, हे इथे आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर टांगलेलंच असतं. सईची परीक्षा तीन महिन्यांवर. तिच्या पासचं शाळेनं जमवलं, आणि राहायचं आमच्याकडे ठरलं. मीच म्हटलं. जाताना त्यांनी मला एक कागद दिला. सोमवार ते शुक्रवार काय करायचं, पीठ कधी मळून ठेवायचं, गूळ किती किसायचा, सगळं ठळक अक्षरात. खाली लिहिलं होतं, ‘दडपे पोहे नको.’

पहिल्या दिवशी मी गूळतूप पोळी केली आणि डबा सईच्या हातात दिला. तिनं तो हातात धरून ठेवला.

“आंटी, खोटं बोलायला नको म्हणून सांगते. मी खात नाही. वर्गातल्या फातिमाला देते. तिला गूळ फार आवडतो.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं.” तिनं खांदे उडवले. “मला चालतानाच खाता यायचं. बाबाबरोबर. एकटीनं काय खायचं? आणि बाबा कंटाळला ना. एकदम यायचा बंद झाला. मी म्हटलं, इट्स ओके, ऑफिसला जायचं असतं त्याला.”

“तू विचारलं नाहीस?”

“तो हो म्हणाला असता तर?”

तवा गॅसवर तापत होता, तो मी बंद केला. मग जे सांगायचं होतं ते सांगितलं. मी सांगितलं बाबाला, म्हटलं. तुला लाज वाटते असं मी म्हणाले. तू काही बोलली नव्हतीस, माझ्याच मनानं म्हणाले.

सई ओरडली असती, रडली असती तर बरं झालं असतं. तिनं दप्तर उचललं, माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, “नेव्हर माइंड ला, आंटी.” आणि बस पकडायला गेली.

तिनं त्याच दिवशी बाबाला सगळं सांगितलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला लिफ्टपाशीच तिचा मोबाईल वाजला, व्हिडिओ कॉल. काका. अंगात स्वेटर, डोक्यावर नाशिकच्या स्वयंपाकघरातला पिवळा दिवा. तिकडे तेव्हा पावणेचार वाजले होते. सईनं मोबाईल एका हातात धरला, डबा मला दिला, आणि चालायला लागली. मी अर्धं पाऊल मागे. सिग्नलला मोबाईलमधून आवाज आला, “लाल आहे का? मग एक घास बसतो.” सईनं हात मागे केला. डबा चुकला, माझ्या बोटांना लागला. मला ते धरताच येत नव्हतं नीट. दुसऱ्या वेळेला जमलं.

परीक्षा संपेपर्यंत ते रोज पावणेचारला उठले. सईला बसमध्ये बसवून आले की मी त्यांना फोन करायचं ठरवायचे आणि करायचे नाही. शेवटी एकदा केला. माफी मागितली.

“अहो वहिनी, तुमची काय चूक?” ते म्हणाले. “मी तिला विचारू शकलो असतो. भीती वाटली. खरंच लाज वाटते म्हणाली असती तर काय करायचं?”

दोघंही सारखेच. आणि मध्ये मी.

मग मी त्यांना विचारलं, सुरुवातीला कसं जमवलंत, सई पहिल्यापासून अशी चालता चालता खायची का? ते हसले. “छे हो. पहिले दोन महिने तिनं एक घास घेतला नाही. उलट भरभर पुढे जायची. मी आपला उघडा डबा धरून मागे चालायचो. मग एक दिवस सिग्नल लाल होता आणि तिनं हात मागे केला.”

फोन ठेवला. दोन महिने. मला माझ्या मुलानं एकदा प्लीज म्हटलं आणि मी पन्नास पावलं मागे सरकले होते. सईला लाज वाटत नव्हती हे मला रोज समोर दिसत होतं. तो मागे येणारा हात मला बघवत नव्हता, हे खरं आहे. हेवा वाटायचा मला. एवढंच होतं ते, आणि त्याला मी काळजीचं नाव देऊन एका भल्या माणसाच्या गळ्यात बांधलं. त्यांची सात मिनिटं मी दोन वर्षं बंद पाडली. माफी मागून ती काही परत मिळत नाहीत.

डिसेंबरात सई नाशिकला गेली. तिकडे कॉलेज अकराला भरतं, घरी आई असते, टेबलाशी बसून खाणं होतं. काकांना सातपूरला काम मिळालं. कंपनीची बस त्यांना सई उठायच्या आत नेते, असं ती सांगते. अकराव्या मजल्यावर आता दुसरं कुटुंब आहे. कठड्याशी त्यांनी सायकल लावली आहे.

अथर्वचं शाळेचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी कुठल्या देशात असेल, त्यालाही माहीत नाही. जानेवारीपासून मी त्याच्या मागे पन्नास पावलं चालायचं सोडलं आहे. अर्धं पाऊल मागे चालते. डब्यात गूळतूप पोळी, त्या कागदावर लिहिल्याप्रमाणे. पहिल्या दिवशी तो म्हणाला, “आई, प्लीज.” मी म्हटलं, “तू चाल.” आता तो काही म्हणत नाही. इयरफोन घालतो आणि भरभर पुढे जातो.

दोन महिने होऊन गेले, चारही झाले. सिग्नलला दिवा लाल असतो तेव्हा मी डबा उघडून धरते. ते वाक्य मी म्हणत नाही, ते त्यांचं आहे. अथर्वचे दोन्ही हात दप्तराच्या पट्ट्यांवर असतात आणि तो समोर बघत असतो. मग दिवा हिरवा होतो. घरी येऊन ती पोळी मी ओट्याशी उभ्यानंच खाते.