जागेपणीचं ऑपरेशन

येलहंक्याच्या हणमंतरावांनी बत्तीस वर्षं विमानांचे सुटे भाग तपासले. शंका असलेला भाग त्यांनी कधी पुढे जाऊ दिला नाही. स्वतःच्या जांघेतला हर्निया मात्र दोन वर्षं पट्ट्याखाली लपवला. ऑपरेशनची नव्हे, भुलीची भीती होती. त्यांच्यासारखाच दमा असलेला थोरला भाऊ एका ऑपरेशननंतर चार दिवस श्वासाच्या यंत्रावर होता.

शेवटी गाठ ढकलूनही आत राहीना, तेव्हा हेमलताबाई नवऱ्याला धरून दवाखान्यात घेऊन गेल्या.

भूलतज्ज्ञ डॉक्टर देवश्रींनी सगळं ऐकून घेतलं. "काका, पूर्ण भूल देता येते, कण्यात सुई देऊन कमरेखालचं बधिर करता येतं किंवा फक्त तेवढीच जागा. तुमचा दमा आणि प्रोस्टेटचा त्रास बघता मला शेवटचं बरं वाटतं. पण ठरवायचं तुम्ही."

"आणि मध्येच दुखलं तर?"

"लगेच सांगायचं. सहन करायचं नाही."

हणमंतरावांनी आणखी सतरा प्रश्न विचारले आणि होकार दिला.

टेबलावर हिरव्या पडद्यापलीकडे ओढाताण जाणवत होती, दुखत नव्हतं. मग एकदम कळ आली. थोडं दुखतंय म्हणायला तोंडून बाहेर पडलं ते गावचं कन्नडच, "सर, स्वल्प नोवु!"

"सरी, सरी, बरं," म्हणत सर्जनचा हात तिथेच थांबला. देवश्रींनी औषध वाढवलं, कळ विरली. आपल्या एका शब्दावर सगळे थांबले, याचं हणमंतरावांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

संध्याकाळी घरी आल्यावर मात्र त्यांनी हट्ट धरला. "दुखत नाही तर गोळी कशाला?" बधिरपणा उतरला, खोकल्याची उबळ आली आणि टाक्यांतून सणक गेली. ते खोकला दाबू लागले. हेमलताबाईंनी फोन लावला.

"काका, दुखण्याची वाट बघू नका, गोळी वेळेवर घ्या," देवश्री म्हणाल्या. "खोकला दाबलात तर कफ साचेल. पोटाशी उशी धरा आणि खुशाल खोका."

गोळी घेतल्यावर तासाभरात ठणका उतरला. उशी कवटाळून हणमंतराव दणदणीत खोकले, मग हसले.

तिसऱ्या दिवशी ते फाटकापर्यंत चालत गेले. शेजारच्या नागनाथअण्णांनी विचारलं, "कसं आहे?"

"उठताना ओढ बसते," ते म्हणाले, "बाकी मजेत." आणि आणखी दोन घरं पुढे गेले.